खालची आळी

शकुंतलाबाई वाघचवरे यांनी चार पिक्चर काढले, असं सोलापुरातली जुनी माणसं सांगतात. काढायला घेतले होते पाच. पाचव्याचं नाव बाई स्वतः कधी घेत नसत, आणि ज्यांना ते ठाऊक होतं त्यांतले बरेचसे आता राहिलेही नाहीत.

गेल्या थंडीत शहरातल्या एका नाट्यमंडळानं त्यांचा सत्कार ठेवला होता. बाईंनी ऐंशी ओलांडली आहे, पण त्या दिवशी इरकल नेसून व्यासपीठावर ताठ बसल्या होत्या. शाल झाली, नारळ झाला. निवेदकानं त्यांची कारकीर्द वाचून दाखवली: नवऱ्याच्या माघारी तंबूतलं थिएटर चालवलेली बाई, जिल्ह्यातली पहिली निर्माती, एकामागून एक चार चाललेले चित्रपट. टाळ्या पडत होत्या तेवढ्यात मागच्या रांगेतून एक म्हातारा उठून उभा राहिला. तो सिद्धू होता, बाईंच्या तंबूतला जुना ऑपरेटर.

"बाई, आवळवाडीचं राहिलं की सांगायचं!"

लोक हसले. बाईही हसल्या आणि हातानंच त्याला खाली बस म्हणाल्या. पण घरी परतताना गाडीत त्या मांडीवरच्या शालीची घडी परत परत घालत होत्या. गाडी त्यांची नात ऋतुजा चालवत होती. ती इथल्याच कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते आणि आजीजवळच राहते.

"आजी, आवळवाडीचं काय?" तिनं विचारलं.

"काही नाही गं. अर्धवट राहिलेलं एक पिक्चर."

"पूर्ण का नाही केलंत?"

"गाव बुडालं," बाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

जेवण झाल्यावर मात्र त्यांनी आपणहून विषय काढला.

बाईंचं सासर मोहोळचं. नवरा धनाजी हा टूरिंग टॉकीजवाला. पावसाळा सरला की ट्रकमध्ये तंबू, बांबू, पडदा, मशीन आणि डायनामो भरून तो निघायचा. माढा, कुर्डुवाडी, करमाळा. जिथं जत्रा असेल तिथं मुक्काम. एका हंगामात टेंभुर्णीच्या पुढं तो ट्रक उलटला आणि धनाजी गेला. पदरात लहान मुलगा होता, युवराज, म्हणजे ऋतुजाचा बाप. दीर म्हणाले, तंबू विकून टाका. बाईंनी ऐकून घेतलं, आणि दिवस झाल्यावर सिद्धूला निरोप धाडला की करमाळ्याच्या जत्रेला जायचंय, मशीन पुसून ठेव.

तंबूत बायकांची आणि बाप्यांची बाजू वेगळी असायची, मधे कापड लावलेलं. बाई रोज बायकांच्या बाजूला जाऊन बसायच्या. पिक्चर त्यांना पाठ झालेलं असायचं. त्या बायकांकडं बघत बसायच्या. कुठल्या जागी पदर डोळ्याला लागतो, कुठं हसू फुटतं, कुठं पोराला शू करायला बाहेर न्यायची वेळ होते, हे त्यांना नेमकं कळायला लागलं. भाड्यानं येणारी रिळं झिजलेली असायची, मधेच तुटायची. त्या गोष्टींतल्या बायका पुण्या-मुंबईचं बोलायच्या, आणि ते ऐकून मागं बसलेल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसून हसायच्या.

"आपल्यातल्या बाईचं पिक्चर पायजे," असं शकुंतलाबाई सिद्धूला म्हणायच्या. सिद्धूला वाटायचं, बाईंना दुःखानं काहीतरी सुचतंय.

करमाळ्यातच त्यांना अभिमन्यू खटके भेटले. ते शाळेत मास्तर होते आणि गॅदरिंगची नाटकं बसवायचे. त्यांनी बसवलेलं एक नाटक बाईंनी पाहिलं. शाळेतली पोरं अगदी घरातल्यासारखी बोलत होती, कुणी हात उडवून अभिनय करत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाई त्यांच्या घरी जाऊन बसल्या. बाईंनी गोष्ट सांगायची आणि मास्तरांनी लिहायची, असं करत 'मोहोळची सून' तयार झालं. बाईंनी अंगावरचं सोनं मोडलं, मास्तरांनी बिनपगारी रजा घेतली. कोल्हापूरहून कॅमेरावाला आणला. त्या पिक्चरला मोठा नट नव्हता, गाणी दोनच होती. तरी ते चाललं. बायका डबे घेऊन, पोरं काखेत मारून आल्या. सोलापूरच्या थिएटरातून ते उतरायला तयार होईना.

मग बाईंनी नव्या पेठेत ऑफिस घेतलं. दारावर नावाची पाटी लागली. युवराज शहरातल्या शाळेत जायला लागला. वितरक, जे आधी दीरांशीच बोलायचे, ते आता "बाई, बाई" करत जिना चढून यायला लागले. ते दिवस आपल्याला फार आवडले होते, हे बाईंनी नातीला लपवून ठेवलं नाही.

अशात एके दिवशी मास्तर ऑफिसात आले. आवळवाडी हे त्यांचं आजोळ, करमाळ्याच्या अंगाला, भीमेच्या काठावर. उजनीच्या धरणाची भिंत वर येत होती आणि आवळवाडीला उठायच्या नोटिसा लागल्या होत्या.

"बाई, हे गाव आणखी एखाद-दुसरं साल," मास्तर म्हणाले. "आत्ता कॅमेरा नेला तर माणसं, घरं, जनावरं सगळं खरं मिळेल. सेट लावावा लागणार नाही. नंतर कितीही खर्च केला तरी हे मिळायचं नाही."

"आणि गोष्ट?"

"एक सून. लग्न होऊन येते ती बुडणाऱ्या गावात. तिला अजून गावाची ओळखही झालेली नाही, आणि गाव सोडायची वेळ येते."

बाईंना गोष्ट लागली. त्या स्वतः जाऊन गाव बघून आल्या. आवळवाडीचे दोन भाग होते. वरच्या आळीत महादेवाचं देऊळ, चावडी, पाटलाचं घर. खालची आळी उतारावर, थेट नदीच्या कडेला. कोळी, परीट आणि काही मांगांची घरं. मास्तरांचं म्हणणं होतं की आधी खालच्या आळीचं काम उरकू, पाणी तिथंच पहिल्यांदा येणार. बाईंनी हिशेबीपणानं विचार केला. डायनामोचा ट्रक खाली उतरत नव्हता. त्यासाठी रस्ता करून घ्यावा लागला असता. वरच्या आळीला ट्रक दारात उभा राहत होता.

"आधी वरची करू," त्या म्हणाल्या. "खालची दुसऱ्या खेपेला. रस्ता करून घेते तोवर."

त्या हिवाळ्यात 'गाव उठलं' या पिक्चरचं निम्मं काम झालं. गावानं शूटिंग डोक्यावर घेतलं. नायिकेला नऊवारी नेसवायला बाया भांडायच्या. पाटलाच्या ओसरीवर कॅमेरावाल्याला भाकरी मिळायची. खालच्या आळीतली माणसं रोज वर येऊन बघत उभी राहायची आणि जाताना विचारायची, "आमच्याकडं कवा?" मास्तर सांगायचे, पुढच्या खेपेला.

आणि मग तो नट आला. नाव सांगून उपयोग नाही, आजच्या पोरांना ते ठाऊकही नाही. त्या काळी मात्र त्याचं नुसतं तोंड पडद्यावर दिसलं की शिट्ट्या पडायच्या. त्याचं कुठलंसं काम रद्द झालं आणि त्याच्या तारखा मोकळ्या झाल्या. वितरक धावत आले. "बाई, ह्या तारखा गेल्या तर दोन वर्षं मिळायच्या नाहीत. तुमचं धरणाचं पिक्चर कुठं पळून जातंय?"

बाईंनी 'रंगू सोलापूरला निघाली' हातात घेतलं आणि 'गाव उठलं' बाजूला ठेवलं. मास्तर ऑफिसात येऊन बसायचे. ते मोठ्यानं बोलणारे नव्हते.

"बाई, आठवडाभर द्या मला. नुसता कॅमेरा आणि दोन माणसं. डायनामो नको, उन्हात करतो."

"मास्तर, कॅमेरावाला एकच आहे. तो इकडं लागतोय. पावसाळ्यानंतर करू, निवांत."

"पावसाळ्यानंतर काय राहील?"

"सरकारी काम असतंय. दोन-दोन वर्षं लांबतं ते."

सरकारी काम लांबलं नाही. त्या पावसाळ्यात पाणी अडवलं. 'रंगू'च्या एका गाण्याचं शूटिंग सुरू होतं, शहराबाहेरच्या एका बंगल्याच्या आवारात. रंगीत फुगे लावलेले, नट नाचतोय, ग्रामोफोन वाजतोय, आणि मास्तर फाटकातून आत आले. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला. ते गाणं संपेपर्यंत कडेला उभे राहिले. मग बाईंजवळ येऊन म्हणाले, "खालच्या आळीत पाणी शिरलं. माणसं रात्रीतून निघाली. भांडी राहिली काहींची."

बाईंच्या डोक्यात त्या घडीला नटाच्या तारखा होत्या, ढगाळलेलं ऊन होतं. त्यांनी विचारलं, "वरची आळी शाबूत आहे ना?"

"आज आहे."

"मग झालं तर. वरच्यात भागवू."

मास्तर त्यांच्याकडं बघत राहिले. खांद्यावर कापडी पिशवी होती, पिक्चरचे कागद कायम त्यात असायचे. ती त्यांनी खुर्चीवर ठेवली आणि आले तसे फाटकातून बाहेर गेले. पंधरवड्यात वरची आळीही पाण्याखाली गेली. मास्तर परत शाळेत रुजू झाले. बाईंनी माणूस पाठवला, निरोप पाठवले. उत्तर आलं नाही. स्वतः मात्र त्या कधी गेल्या नाहीत.

'रंगू' जोरात चाललं. त्याचे पैसे आले, पुढं आणखी दोन पिक्चर झाले. ते मास्तरांनी लिहिलेले नव्हते आणि ते बाईंनाच धड आठवत नाहीत. मग घरोघर टीव्ही आला, व्हिडिओ आला. तंबू बंद झाला, नव्या पेठेतली पाटी उतरली. युवराजनं कापडाचं दुकान टाकलं. बाई घरात बसल्या.

"चाललं ते पिक्चर सगळे विसरले," त्या ऋतुजाला म्हणाल्या. "मला मात्र ते एक वाक्य रोज ऐकू येतं. वरच्यात भागवू. जसं काही कापड कमी पडलंय."

"रिळं कुठं आहेत आजी?"

"माळ्यावर."

दुसऱ्या दिवशी ऋतुजानं शिडी लावली. पत्र्याचे डबे गंजून एकमेकांना चिकटले होते. उघडल्यावर आंबूस वास आला. एक-दोन रिळांचा गोळा झालेला होता, पण बाकीची उलगडत होती. तिनं चौकशी केली, पुण्यात जुनी फिल्म साफ करून कॉम्प्युटरवर उतरवून देणारा एक माणूस शोधला आणि डबे गाडीत घालून नेऊन दिले. काम व्हायला उन्हाळा लागला.

आवाज नव्हताच. संवाद नंतर डब करायचं ठरलं होतं, ते झालंच नव्हतं. बाईंनी घरातल्या टीव्हीवर ते मुकं पिक्चर पाहिलं. देवळाच्या पायऱ्या, पाटलाचं घर, धुळीतून जाणारी बैलगाडी, कॅमेऱ्याकडं चोरून बघणारी माणसं. बघून झाल्यावर त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. मग म्हणाल्या, "मला करमाळ्याला ने."

मास्तरांचं घर कमलाभवानीच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर होतं. ते ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, हातात काठी, डोळ्यांवर जाड भिंगं.

"ओळखलंत का मास्तर?"

"आवाजावरून ओळखलं, बाई. तोंडं काय, दोघांचीही बदलली." त्यांनी सुनेला हाक मारून दुसरी खुर्ची मागवली.

"आवळवाडीचं पिक्चर नीट करून घेतलंय. ह्या माझ्या नातीनं घेतलं."

"सगळं?"

"जेवढं झालं होतं तेवढं."

"म्हणजे सगळं नाही," मास्तर म्हणाले.

ऋतुजा उठून रस्त्याकडं बघत उभी राहिली.

"मी यायला हवं होतं. तेव्हाच," बाई शेवटी म्हणाल्या. "तोंड नव्हतं."

"सोलापूरहून करमाळ्याला एसटी येते, बाई. तेव्हाही येत होती."

"राग आहे अजून?"

मास्तरांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आहे. माझ्याबरोबर तोही म्हातारा झालाय, पण आहे. मी परत कधी नाटकसुद्धा बसवलं नाही. पोरं म्हणायची, सर, गॅदरिंग. मी म्हणायचो, दुसऱ्या कुणाला सांगा." मग ते म्हणाले, "मला दाखवू नका ते. ज्यांचं आहे त्यांना दाखवा. नवी आवळवाडी इथून काही फार लांब नाही. तिथं दाखवणार असाल तर मी येतो."

नवी आवळवाडी माळावर वसवलेली आहे. आखून दिलेले रस्ते, सारखे प्लॉट, पत्र्याची आणि स्लॅबची घरं. गावातला कोंडीबा हा जुन्या पाटलांच्या भावकीतला, पंचाहत्तरीचा गडी. ऋतुजानं त्यालाच फोन केला होता. त्यानं समाजमंदिराच्या खिडक्यांना काळी ताडपत्री बांधली, भिंतीवर पांढरी चादर ताणली, आणि ऋतुजानं समोर कॉलेजातला प्रोजेक्टर मांडला. दुपारचं ऊन बाहेर नुसतं भाजत होतं. आत बसायला जागा उरली नाही. म्हातारी माणसं पुढं सतरंजीवर बसली, मागं त्यांची मुलं आणि नातवंडं मोबाईल काढून उभी. मास्तर कडेच्या खुर्चीवर बसले. बाई सवयीनं बायकांमध्ये जाऊन बसल्या.

पहिल्यांदा देऊळ दिसलं. कुणीतरी हात जोडले. मग ओसरी आली आणि ओसरीवर पानाचा डबा घेऊन बसलेला एक माणूस.

"थांबव, थांबव की पोरी!" कोंडीबा ओरडला. "त्यो माझा बा हाय!"

ऋतुजानं चित्र थांबवलं. कोंडीबा उठून चादरीजवळ गेला. त्याच्या पाठीवर बापाचं तोंड उमटलं, तसा तो बाजूला सरला. त्यानं नातवाला पुढं ओढलं. "हे बग. हा तुजा पणजोबा. असा बसायचा बग, एक पाय खाली सोडून."

मग कुणाला राहवेना. नायिका येत होती, रडत होती, उंबरा ओलांडत होती, पण तिच्याकडं कुणाचं ध्यान नव्हतं. "मागं बगा, मागं! आमची म्हस!" "आत्याबाई हाय ती, डोक्यावर पाटी घेतल्याली!" "ह्यो दगूनाना, व्हय ना? लई दात हुते त्याला." एक बाई तर वैतागून म्हणाली, "ती नटी जरा सरकंल का बाजूला? दार दिसंना आमचं." लोक हसले, आणि हसता हसता डोळे पुसत राहिले. शकुंतलाबाई पडदा सोडून शेजारच्या बायकांची तोंडं बघत होत्या, तरुणपणी तंबूत बघायच्या तशा. आपलं एखादं पिक्चर असं लागलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी बैलगाडी देवळासमोरून वळली, उताराकडं निघाली, आणि चादर पांढरी झाली. ऋतुजानं ताडपत्रीचा एक कोपरा वर केला. ऊन आत आलं. लोक उठायला लागले.

पुढं सतरंजीवर बसलेली एक म्हातारी मात्र तशीच चादरीकडं बघत बसली होती. अंगानं बारकी, कपाळावर गोंदण. तिचं नाव बजाबाई.

"म्होरलं लावा की," ती म्हणाली.

"संपलं, मावशी," ऋतुजा म्हणाली.

"संपलं कसं? खालची आळी कुटं आली? गाडी तर आत्ताच उतरायला लागली."

उठलेली माणसं थांबली. खालच्या आळीतली चार-पाच म्हातारी माणसं भिंतीला टेकून बसली होती. इतका वेळ ती हसत नव्हती, हाका मारत नव्हती, हे शकुंतलाबाईंच्या आत्ता ध्यानात आलं. ती सगळी नुसती वाट बघत होती.

बाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "तिकडं आम्ही आलोच नाही," त्या म्हणाल्या.

"येनार म्हनला हुता की," बजाबाईच्या आवाजात राग नव्हता, ती खरंच आठवून बोलत होती. "मी नवी नवरी हुते. सासू म्हनायची, आपल्या दारात फोटूवाले येनार हायत. रोज दार सारवायची. पावसाचं शेनबी मिळंना, तरी सारवायची."

तेव्हा मास्तर उठले. काठी टेकत ते चादरीपुढं येऊन उभे राहिले.

"ठरलं होतं सगळं," ते म्हणाले. "मी आधी येऊन जागा बघून गेलो होतो. गाडी उतारावरनं खाली येते. डाव्या हाताला तुमचं घर. दारात चिंच. चिंचेच्या सावलीत तुमची सासू बसलेली आहे, आणि सून पहिल्यांदा नदी बघते. तिथून कॅमेरा हळूहळू..."

"चिच न्हवती," बजाबाई म्हणाली.

मास्तर थांबले.

"चिच वर हुती, चावडीम्होरं. आमच्या दारात कडूलिंब हुता."

"चिंच..." मास्तर म्हणाले. त्यांचे ओठ हलत होते. इतकी वर्षं ते दृश्य त्यांनी मनात किती वेळा बघितलं असेल, कुणास ठाऊक. त्यात चिंचच होती. ऋतुजानं पुढं होऊन त्यांना खुर्चीवर बसवलं.

कोंडीबानं चहा आणायला पोरं पिटाळली. वरच्या आळीची माणसं ऋतुजाभोवती गोळा झाली. एकदा अजून लाव, ते ओसरीचं परत दाखव, पेन ड्राइव्हवर मिळंल का. ताडपत्री पुन्हा खाली आली, पिक्चर पुन्हा सुरू झालं. बजाबाई उठून बाहेर गेली. शकुंतलाबाई तिच्या मागं गेल्या.

समाजमंदिराच्या पायरीवर भिंतीची वीतभर सावली होती. दोघी तिथं बसल्या.

"मावशी, चुकलं आमचं," शकुंतलाबाई म्हणाल्या. मावशी वयानं त्यांच्याहून लहान होती, पण दुसरं काय म्हणावं ते त्यांना कळेना.

"तुमचं काय त्यात. पानी आलं." बजाबाईनं पदरानं मान पुसली. "माजी सासू त्याच साली गेली. ह्या माळावर तिला करमलंच न्हाय. फोटू न्हाय तिचा एकबी. म्हनून म्हनलं, आज दिसंल."

"कशा होत्या दिसायला?"

बजाबाईनं विचार केला. आतून कुणीतरी हसल्याचा आवाज आला.

"नाक जरा मोटं हुतं," ती म्हणाली. "आता नीट आटवत न्हाय वो."

शकुंतलाबाईंनी तिचा हात धरला. तिनं तो धरू दिला. थोड्या वेळानं चहा आला. तो पिऊन बजाबाई उठली, आणि उन्हातून आपल्या घराकडं चालू लागली. "येते" एवढंच म्हणाली. शकुंतलाबाई ती वळणापलीकडं जाईतोवर बघत राहिल्या.

परतीच्या वाटेवर मास्तर पुढं बसले होते, बाई मागं. दोन्ही बाजूंना उसाचे फड, मधेच एखादं काळं, नांगरून टाकलेलं रान. ऋतुजानं एकदा विचारलं, "सर, थोडं थंड करू का आत?" मास्तर नको म्हणाले.

करमाळ्यात त्यांच्या दारात गाडी थांबली. सून हात द्यायला बाहेर आली. मास्तर उतरले, तसं बाईंनी काच खाली केली.

"मास्तर, कडुलिंबच असेल का हो?"

"ती सांगते म्हणजे कडुलिंबच," मास्तर म्हणाले. "ती तिथं राहत होती, बाई. आपण नुसतेच जाणार होतो."

सुनेचा हात धरून ते ओट्याची पायरी चढले. आत जाण्याआधी वळून त्यांनी काठी थोडी वर केली. ऋतुजानं गाडी सोलापूरच्या रस्त्याला घेतली.